दादासाहेब मावळणकर आणि सरकारला जाब विचारण्याची व्यवस्था

गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळणकर (२७ नोव्हेंबर १८८८ – २७ फेब्रुवारी १९५६) हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, जन्म बडोद्याचा, शिक्षणाचा काही काळ राजापुरात. १९०२ मध्ये उच्च शिक्षणासाठी ते अहमदाबादेत आले आणि तिथलेच झाले. वकिली तिथली, नगरपालिकेचे अध्यक्षपद तिथले, लेखनही गुजरातीत. महाराष्ट्राबाहेर नाव काढलेल्या मराठी माणसांच्या यादीत ते हमखास असतात, पण त्यांनी संसदेत नेमके काय उभे केले हे क्वचितच सांगितले जाते.

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी ब्रिटिश सरकारचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर यांना होता. मावळणकर ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले. १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेत त्यांना ३९४ मते मिळाली, तर शेतकरी कामगार पक्षाचे सोलापूरचे खासदार शंकरराव मोरे यांना ५५. म्हणजे पहिल्या अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांतच झाली!

खासदाराच्या बोलण्याला राज्यघटनेच्या कलम १०५ चे संरक्षण आहे. सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल त्याच्यावर कोर्टात खटला चालत नाही. (मत देण्यासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली, तर हे कवच मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले.) कलम १२० प्रमाणे अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेतही बोलता येते. पण बोलण्याची मोकळीक एक आणि उत्तर मिळणे दुसरे. भाषण कितीही जोरदार असले तरी मंत्री ते ऐकून घेऊन घरी जाऊ शकतो. त्याला उत्तर द्यायला लावतो तो प्रश्नोत्तराचा तास. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला उत्तर लेखी मिळते. खरी परीक्षा उपप्रश्नात होते, कारण मूळ उत्तर खात्याने लिहून दिलेले असते आणि पुढचे मंत्र्याला स्वतः द्यावे लागते. पक्षादेश मतदानाला लागू होतो. प्रश्न विचारायला तो आड येत नाही.

तरीही एक पळवाट राहत होती. ‘विचार चालू आहे’, ‘माहिती मागवून सभागृहापुढे ठेवू’ असे सांगितले की वेळ निघून जाई आणि पुढे कोणी आठवण ठेवत नसे. मावळणकरांनी डिसेंबर १९५३ मध्ये सरकारी आश्वासनांची समिती नेमली. मंत्र्याच्या तोंडून गेलेली अशी वाक्ये ही समिती आश्वासन म्हणून नोंदवून घेते, ती साधारण तीन महिन्यांत पुरी व्हावीत अशी अपेक्षा असते, आणि न झाल्यास खात्याकडे विचारणा होते. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचे. यात गाजावाजा काही नाही, पण दिलेल्या शब्दाची वही कोणीतरी ठेवायलाच हवी. कायद्याखाली खाती जे नियम करतात ते तपासणारी समितीही त्याच वर्षीची.

प्रश्नातून काय घडू शकते हे त्यांच्या निधनानंतर वर्षा-दीड वर्षात दिसले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाखांचे शेअर घेतल्याचा विषय १९५७ मध्ये लोकसभेत निघाला आणि फिरोज गांधींनी तो लावून धरला. न्या. छागला यांची चौकशी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

मावळणकरांवर विरोधक नेहमी खूश होते असे मात्र नाही. स्थगन प्रस्तावांच्या बाबतीत ते फार कडक होते. परक्या सरकारविरुद्धचे ते हत्यार होते, आता प्रश्न आणि चर्चेचे इतर मार्ग असताना ते ऊठसूट वापरू नये, असे त्यांचे मत. विरोधकांना ही गळचेपी वाटे, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव विघ्नेश्वर मिश्र यांनी मांडला. घटनेप्रमाणे त्या वेळी स्वतः मावळणकर अध्यक्षस्थानी बसू शकत नव्हते. पंतप्रधान नेहरूंनी विरोधकांना जास्त वेळ देण्याची विनंती केली. ठराव फेटाळला गेला.

सरकारपुढेही ते नमत नसत. सभागृह टाळून वटहुकूम काढण्याची सवय लोकशाहीला धरून नाही, अगदी निकडीलाच तो काढावा, असे त्यांनी १९५४ मध्ये नेहरूंना पत्राने कळवले होते. ते स्वतः काँग्रेसचे होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

त्यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळणकर १९७२ च्या पोटनिवडणुकीत अहमदाबादहून अपक्ष निवडून आले. आणीबाणीत, जुलै १९७५ च्या अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तासच रद्द करण्यात आला. संसदेतील भाषणांचे खरे वृत्त छापणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा फिरोज गांधींच्या प्रयत्नाने १९५६ मध्ये झाला होता. तोही काढून टाकला गेला आणि १९७७ मध्ये पुन्हा आणावा लागला. त्या काळातही पुरुषोत्तम लोकसभेत आणीबाणीविरुद्ध बोलत राहिले. त्यांची ती भाषणे नंतर ‘नो, सर’ या नावाने पुस्तकरूपात आली.