जेसी जेम्स: डाकू, दंतकथा आणि चित्रपट

१/ ३ एप्रिल १८८२. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ. भिंतीवरची तसबीर पुसण्यासाठी खुर्चीवर चढलेल्या जेसी जेम्सला त्याच्याच टोळीतील रॉबर्ट फोर्डने पाठीमागून गोळी घातली. डाकू संपला, त्याची दंतकथा मात्र पुढे हॉलिवूडने वारंवार पडद्यावर आणली. या चित्रपटांनी काय दाखवले आणि काय वगळले?

२/ हेन्री किंग दिग्दर्शित ‘जेसी जेम्स’ (१९३९) या चित्रपटात टायरन पॉवर नायक आहे. रेल्वेचे गुंड शेतकऱ्यांच्या जमिनी मातीमोलाने बळकावतात. त्यांनी घरात फेकलेल्या बॉम्बने जेसीची आई मरते आणि सूडापोटी तो दरोडेखोर बनतो.

३/ इतिहासातील क्रम याच्या उलट आहे. गॅलेटिन येथील बँकेत रोखपालाचा खून पडला तो डिसेंबर १८६९ मध्ये. जेम्स कुटुंबाच्या घरावर पिंकर्टन संस्थेच्या गुप्तहेरांनी छापा घातला तो जानेवारी १८७५ मध्ये. त्यात जेसीचा आठ वर्षांचा सावत्र भाऊ दगावला आणि आईने एक हात गमावला. ती पुढे १९११ पर्यंत जगली. म्हणजे गुन्हेगारी आधीची, बॉम्ब नंतरचा.

४/ खरे मूळ यादवी युद्धात आहे. जेम्स कुटुंब गुलामांचे मालक होते. १८६४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, जेसी दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या गनिमी टोळ्यांत सामील झाला. तो ज्या ‘ब्लडी बिल’ अँडरसनच्या हाताखाली होता, त्याच्या टोळीने त्याच वर्षी सेंट्रेलिया येथे उत्तरेच्या वीसहून अधिक निःशस्त्र सैनिकांना आगगाडीतून उतरवून ठार केले.

५/ ‘गरिबांचा कैवारी’ ही प्रतिमा घडवण्यात जॉन न्यूमन एडवर्ड्स या संपादकाचा मोठा वाटा होता. तो स्वतः दक्षिणेच्या सैन्यातील माजी अधिकारी होता. पराभूत पक्षाला एक वीर हवा होता. त्याच्या लेखणीने तो पुरवला. जेसीने लूट गरिबांत वाटल्याचा पुरावा मात्र मिळत नाही.

६/ मग १९३९ च्या प्रेक्षकांना ही कथा का भावली? महामंदीत असंख्य शेतकऱ्यांची शेते कर्जापायी बँकांनी जप्त केली होती. बँक आणि रेल्वे लुटणारा नायक त्यांना आपला वाटणे स्वाभाविक होते. गुलामगिरी वगळली की त्याच्याविषयी सहानुभूती बाळगणे अधिकच सोपे होते.

७/ अँड्र्यू डॉमिनिकच्या २००७ च्या चित्रपटात ब्रॅड पिटचा जेसी थकलेला, संशयी आणि क्रूर आहे. केसी ॲफ्लेकचा फोर्ड त्याच्या कीर्तीने झपाटलेला आहे. खुनानंतर तोच प्रसंग तो रंगमंचावर करून दाखवतो. हे ऐतिहासिक सत्य आहे. कीर्ती माणसाचे काय करते, याचे इतके कठोर चित्रण जुन्या चित्रपटात नाही. तरीही कथा सुरू होते ती १८८१ मध्ये. युद्ध आणि गुलामगिरी येथेही पडद्याबाहेरच राहतात.

८/ म्हणून डाकूपट पाहताना एक प्रश्न अवश्य विचारावा: कथा कोणत्या वर्षी सुरू होते? जेसीची कथा रेल्वेच्या अन्यायापासून सुरू केली, तर तो बळी ठरतो. १८६४ पासून सुरू केली, तर सेंट्रेलियाच्या फलाटावरील मृतांचाही हिशोब द्यावा लागतो.