प्रसूतिसोबती

प्रसूतिसोबती म्हणजे प्रसूतिवेदना सुरू झाल्यापासून बाळाचा जन्म होईपर्यंत आणि त्यानंतरचा काही काळ गर्भवती स्त्रीजवळ सतत राहून तिला शारीरिक व मानसिक आधार देणारी व्यक्ती. ही व्यक्ती आई, बहीण, जाऊ, मैत्रीण किंवा पती असू शकते. हे काम प्रशिक्षण घेऊन व्यवसाय म्हणून करणाऱ्या व्यक्तीला 'डौला' म्हणतात. प्रसूतिसोबती वैद्यकीय उपचार करत नाही. त्यामुळे ही भूमिका डॉक्टर, परिचारिका व सुईण यांच्या भूमिकांहून वेगळी आहे.

इतिहास

बाळंतपण घरी होत असे त्या काळात अनुभवी स्त्रिया बाळंतिणीभोवती असणे ही बहुतेक समाजांतील रीत होती. महाराष्ट्रात सुईणीबरोबरच घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया कळा देणाऱ्या स्त्रीची कंबर चोळणे, तिला धीर देणे ही कामे करत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे आईची सोबतही मिळत असे. विसाव्या शतकात प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्यावर संसर्ग व माता-बालमृत्यू यांवर नियंत्रण मिळवणे सुकर झाले. मात्र नातेवाइकांना प्रसूतिकक्षाबाहेर थांबवले जाऊ लागले आणि अनेक स्त्रियांना कळा एकटीने सोसाव्या लागल्या.

ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये 'नॅचरल चाइल्डबर्थ' या पुस्तकात भीतीमुळे ताण आणि ताणामुळे वेदना वाढतात, असा विचार मांडला. 'डौला' हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ सेविका किंवा दासी असा होतो. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मधील स्तनपानविषयक पुस्तकात तो वापरला. १९९२ मध्ये अमेरिकेत डौलांची 'डोना' ही संघटना स्थापन झाली.

आधाराचे स्वरूप

* शारीरिक आधार: कंबर व पाठ चोळणे, माकडहाडाजवळ तळव्याने दाब देणे, कोमट शेक देणे, घाम पुसणे, परवानगी असल्यास पाणी पाजणे, चालताना हात धरणे आणि बसणे, उकिडवे होणे, कुशीवर वळणे अशा स्थिती बदलण्यास मदत करणे.
* मानसिक आधार: जवळ थांबणे, शांत स्वरात बोलणे, कळ येताना श्वासाची लय राखण्यास मदत करणे आणि दोन कळांमध्ये विश्रांती घेऊ देणे.
* माहिती व संवाद: पुढे काय होणार हे सोप्या शब्दांत सांगणे, स्त्रीची इच्छा व शंका कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवणे.
* जन्मानंतर: बाळाला आईच्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवण्यास व पहिल्या तासात स्तनपान सुरू करण्यास मदत करणे.

अतिरक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काही जाणवल्यास सोबतीने तत्काळ कर्मचाऱ्यांना कळवावे. बाळ लवकर बाहेर यावे म्हणून पोट दाबणे धोकादायक असून जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करत नाही.

शास्त्रीय पुरावा

प्रसूतीत गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणण्यात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. तीव्र भीतीमुळे ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढून कळा मंदावू शकतात. सतत सोबतीचा परिणाम या मार्गाने होत असावा, असे मानले जाते.

मार्शल क्लाउस व जॉन केनेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह ग्वाटेमालात केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती कमी वेळात झाली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्यूस्टन येथील चाचणीत सिझेरियनचे प्रमाण डौला लाभलेल्या गटात ८ टक्के, केवळ एक निरीक्षक खोलीत असलेल्या गटात १३ टक्के आणि यांपैकी कोणीही नसलेल्या गटात १८ टक्के होते.

२०१७ च्या कोक्रेन आढाव्यात १७ देशांतील १५,८५८ स्त्रियांची माहिती तपासण्यात आली. सतत आधार मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीची शक्यता अधिक, तर सिझेरियन, वेदनाशामकांचा वापर व प्रसूतीविषयी नकारात्मक भावना यांचे प्रमाण कमी आढळले. प्रसूतीचा कालावधीही सरासरी सुमारे ४० मिनिटांनी कमी होता. हानीचा पुरावा आढळला नाही. मात्र अभ्यासांच्या रचनेतील भेदांमुळे पुराव्याची प्रत कमी असल्याचे लेखकांनी नमूद केले आहे.

धोरणे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीचा सोबती मिळावा, अशी शिफारस केली. भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी आरोग्य संस्थांत प्रसूतिसोबतीला परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यानुसार सोबती शक्यतो प्रसूतीचा अनुभव असलेली स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिचे कपडे स्वच्छ असावेत व तिने कर्मचाऱ्यांच्या कामात हस्तक्षेप करू नये. जेथे इतर स्त्रियांचा खासगीपणा राखता येतो, तेथे पतीलाही परवानगी देता येते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' या प्रसूतिकक्ष गुणवत्ता कार्यक्रमातही सन्मानपूर्वक सेवेचा भाग म्हणून सोबतीचा समावेश आहे.

अडचणी व मर्यादा

एकाच कक्षात अनेक खाटा, पडद्यांचा अभाव, गर्दी व संसर्गाची भीती या कारणांमुळे धोरण असूनही अनेक ठिकाणी सोबतीला प्रवेश मिळत नाही. कोविड-१९ महासाथीच्या काळात अनेक देशांत ही परवानगी थांबवण्यात आली होती. मात्र बाधित स्त्रीलाही सोबतीचा हक्क आहे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका होती. सोबती कुशल वैद्यकीय सेवेला पर्याय ठरत नाही. तसेच सोबतीची निवड स्त्रीच्या इच्छेने होणे आवश्यक असते. कुटुंबाने लादलेली व्यक्ती तिच्या ताणात भर घालू शकते.