सरासरीत न दिसणारा दुष्काळ : सोयाबीन आणि ऑगस्ट २०२३

१/ दुष्काळाचा इतिहास वाचताना आपण आधी वर्षाच्या पावसाचा आकडा पाहतो. पिकाच्या दृष्टीने मात्र पाऊस किती झाला याहून तो नेमका कधी थांबला, हे अधिक निर्णायक असते. २०२३ चे सोयाबीन हे त्याचे बोलके उदाहरण. #धागा

२/ मूळचे चीनमधले हे पीक भारतात व्यापारी पातळीवर रुजले ते १९६० च्या दशकानंतर, पंतनगर व जबलपूरच्या कृषी विद्यापीठांच्या प्रयत्नांतून. माळव्यातील काळ्या जमिनी तेव्हा खरिपात पडीक ठेवून रब्बीसाठी राखल्या जात. तिथे सोयाबीन स्थिरावले आणि पुढे विदर्भ-मराठवाड्यातही ज्वारी-कापसाच्या शेतांत शिरले.

३/ शंभरेक दिवसांच्या या पिकाला प्रत्येक टप्प्यावर ताण सारखा बाधत नाही. वाढीच्या काळात उघडीप पडली तर झाड खुजे राहते. पाऊस परतल्यावर बरेचसे सावरते. फुलोऱ्यात ताण पडला तर फुले गळतात, परंतु फुलोरा दीर्घकाळ चालत असल्याने काही भरपाई होते. शेंगा धरताना आणि दाणे भरताना पाणी तुटले, की नुकसान सर्वाधिक : शेंगा गळतात, उरलेल्यांत दाणा बारीक राहतो. तेव्हा नव्या फुलांना अवधीच उरलेला नसतो.

४/ शेतकऱ्याच्या नक्षत्रांच्या हिशेबात हे मांडून पाहा. आर्द्राच्या अखेरीस पेरलेले सोयाबीन मघा नक्षत्राच्या सुमारास फुलोऱ्यात येते. शेंगा पूर्वा-उत्तरात भरतात.

५/ आता २०२३. देशात जुलैचा पाऊस सरासरीपेक्षा १३ टक्के अधिक, सप्टेंबरचाही तितकाच अधिक. ऑगस्ट मात्र ३६ टक्के तुटीचा, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. तरीही संपूर्ण हंगामाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के! केवळ हा आकडा पाहणाऱ्याला ते वर्ष जवळपास सामान्यच वाटेल.

६/ पण ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्र शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सप्टेंबरच्या पावसाने बेरीज सावरली. ऑगस्टमध्ये गळलेले फूल काही झाडावर परतले नाही.

७/ म्हणून जुन्या दुष्काळांची कागदपत्रे चाळताना वार्षिक पर्जन्यमानाशी थांबू नये. त्या गावात कोणते पीक होते, ते कधी पेरले आणि खंड पडला तेव्हा ते कोणत्या अवस्थेत होते, हे विचारावे. सरासरीच्या आड दडलेला दुष्काळ तिथेच सापडतो.