थायलंडला जाताय? कांचनाबुरीला पण जाऊन या

आमच्या लोणी काळभोरात कोणी "थायलंडला चाललोय" म्हणालं की समोरचा आधी गालात हसतो आणि मग विचारतो, "एकटाच का?" बँकॉक आणि पट्टाया, एवढाच तो देश आपल्यापर्यंत पोचलाय.

पण मंडळी, आता दिवस बदललेत. पुण्याहून थेट विमानं सुरू झाली. 10 नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना तिथे व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला, आधी 30 दिवसांसाठी, आणि 15 जुलै 2024 पासून 60 दिवसांसाठी. (हे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी बघून घ्या.) त्यामुळे आता आपल्या हवेली तालुक्यातूनही नवरा-बायको, पोरंबाळं, आजी-आजोबा अशी अख्खी कुटुंबं जातात. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, कोणाची लेक-जावई आहेत. आई-वडील त्यांच्याकडे महिनाभर राहून येतात.

ही पोस्ट त्या जाणाऱ्यांसाठी आहे. आणि घरातल्या तरण्या पोराला तिकडे नोकरीला पाठवायच्या विचारात असलेल्यांसाठी तर नक्कीच आहे.

आधी थोडा इतिहास, तोही आपल्या दारापासूनच सुरू करू.

1767 साल. पुण्यात थोरले माधवराव पेशवे कारभार बघत होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये ब्रह्मदेशच्या फौजेने वर्षभराहून जास्त वेढा घालून सयामची राजधानी अयुथ्या पाडली आणि जाळली. अयुथ्या म्हणजे आपली अयोध्याच, नाव तिच्यावरूनच ठेवलेलं. पुढे 1782 मध्ये बँकॉकला नवी राजधानी झाली. तिथल्या राजांना आजही राम पहिला, राम दुसरा असंच मोजतात, आणि राजवाड्याच्या देवळातल्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे. अयुथ्या पडल्यानंतर पाच वर्षांनी, 18 नोव्हेंबर 1772 ला माधवराव गेले, ते आपल्या शेजारच्या थेऊरला. चिंतामणीच्या दर्शनाला आपण उठसूट जातो, पण त्याच काळात तिकडे एवढं मोठं शहर उद्ध्वस्त झालं होतं, हे आपल्या कोणाच्या गावीही नसतं.

ज्या ब्रह्मी घराण्याने अयुथ्या जाळली, त्याचा शेवट कुठे झाला माहितीये? आपल्या रत्नागिरीत. 1863 साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी निघाली. धंदा सागवानाचा. ब्रह्मदेशातही, उत्तर सयामच्या जंगलातही. 1885 मध्ये थिबा राजाच्या सरकारने या कंपनीला लाकडाच्या हिशोबावरून जबर दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरमध्ये लढाई झाली, राजाला पकडलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तीस वर्षं तो तिथे राहिला आणि 1916 च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारला. थिबा पॅलेस बघताना फोटो सगळेच काढतात, एवढा विचार मात्र कोणी करत नाही.

सयाम मात्र कोणाच्याच ताब्यात गेला नाही. आग्नेय आशियात एवढा एकच देश स्वतंत्र राहिला. म्हणून तिथे भारतीय माणूस बहुतेक व्यापारी म्हणून गेला. पंजाब्यांनी बँकॉकच्या फाहुरात भागात कापडाचा बाजार वसवला. तमिळांनी सिलोम रस्त्यावर मारीअम्मनचं देऊळ बांधलं, ते 1879 च्या सुमाराचं. शेजारच्या इंग्रजांच्या मलायात मात्र हजारो तमिळ मजूर रबराच्या मळ्यांवर राबत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मराठी माणूस तिकडे पोचला तो बराच नंतर, आणि बहुतेक कारखान्यांच्या वाटेने. आदित्य बिर्लांनी 1969 मध्ये तिथे इंडो-थाई सिंथेटिक्स सुरू केली. 2006 मध्ये टाटा मोटर्सने थोनबुरी ऑटोमोटिव्हबरोबर भागीदारी करून पिकअप गाड्या बनवायचं ठरवलं. ते उत्पादन 2018 मध्ये थांबलं, पण वाहन उद्योगातली जानपहचान उरली. बँकॉकच्या पूर्वेला चोनबुरी आणि रायोंग हे पट्टे म्हणजे त्यांचं चाकणच समजा.

माझा धाकटा भाऊ तिकडेच, रायोंगला सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. मागे आई-अण्णांना घेऊन मी त्याच्याकडे वीस दिवस राहून आलो. बॅगेत काय होतं ते सांगायला नको: ज्वारीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, आणि आईने कोणाचं न ऐकता घेतलेलं पोळपाट-लाटणं.

तिकडे राहणं आणि तिकडे फिरणं यात किती फरक आहे, ते भावाच्या घरी कळलं. आपण पर्यटक म्हणून शिक्का मारून आत जातो. त्याला नोकरीचा वेगळा व्हिसा लागतो, तो भारतातूनच काढून जावा लागला. त्यावर वर्क परमिट वेगळं. त्यात त्याचं नाव, फोटो, कंपनीचं नाव, काम कोणतं आणि कुठे, सगळं लिहिलेलं. दर 90 दिवसांनी आपण कुठे राहतो ते इमिग्रेशनला कळवायचं. साधारण नियम असा, की कंपनीला एक परदेशी माणूस ठेवायचा तर चार थाई माणसं कामावर असली पाहिजेत. काही कामं परदेशी माणसाला करताच येत नाहीत. टुरिस्ट गाइडचं काम त्यातलंच. आई म्हणाली, "एवढ्या कागदांपेक्षा शेती बरी की रे." भाऊ म्हणाला, "आई, हे कागद आहेत म्हणून मी इथे निवांत झोपतो."

या वाक्याचा पुरता अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो कांचनाबुरीला कळला.

कांचनाबुरी बँकॉकच्या पश्चिमेला आहे. बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवरून रोज साधी पॅसेंजर गाडी जाते. आमचे अण्णा रेल्वेत गँगमन होते, पुणे-दौंड लाइनवर. लोणी स्टेशनच्या पुढे-मागे किती मैल हातोडा घेऊन चालले असतील, त्याचा हिशोब नाही. बँकॉकच्या मॉलमध्ये कंटाळलेला हा माणूस गाडीत बसल्यावर खुलला. मीटर गेज बघून म्हणाले, "ही लाइन घाईत टाकलेली दिसते." वळणं आणि चढ बघून त्यांना ते कळलं होतं.

लाइन खरंच घाईत टाकलेली होती. दुसऱ्या महायुद्धात जपानला सयाममधून ब्रह्मदेशात फौज आणि माल न्यायचा होता. समुद्रातून जायचं तर पाणबुड्यांची भीती. म्हणून 1942 मध्ये बान पोंग ते थान्ब्यूझायात असा 415 किलोमीटरचा रेल्वेमार्ग डोंगर-जंगलातून काढायला घेतला आणि 17 ऑक्टोबर 1943 ला दोन्ही टोकं जोडली. म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात. यंत्रं जवळपास नाहीतच. पहार, घमेलं आणि माणूस.

राबवलेले युद्धकैदी सुमारे 60 हजार: इंग्रज, ऑस्ट्रेलियन, डच. त्यातले 12 हजारांहून जास्त मेले. यांच्यावर सिनेमे निघाले, पुस्तकं आली. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आशियाई मजूर होते. ब्रह्मी, मलायी, जावाचे, आणि मलायाच्या रबर मळ्यांवरून आणलेले तमिळ. मेलेल्या आशियाई मजुरांचा आकडा साधारण 90 हजार धरतात, काही अभ्यासक त्याहून जास्त सांगतात. पटकी, मलेरिया, उपासमार आणि मार.

हे तमिळ लोक तिथे आले कसे? युद्धामुळे रबर विकलं जाईना, मळे बंद पडले, घरात खायला नाही. अशात जाहिरात आली: तीन महिन्यांचं काम, रोज एक डॉलर, राहणं-खाणं फुकट, काम संपलं की परत आणून सोडू. बरेच जण त्यावर गेले, काही तर बायका-पोरांसकट. लोक यायचे थांबले तेव्हा मग जबरदस्तीने उचलून नेलं. परतीची गाडी बहुतेकांना मिळालीच नाही.

कांचनाबुरीच्या युद्ध स्मशानभूमीत 6,982 युद्धकैद्यांचं दफन आहे. रांगेने पाट्या, बहुतेकांवर नाव, हुद्दा, वय. गवत कापलेलं, फुलझाडं लावलेली. जे 90 हजार मेले त्यांच्यासाठी असं काही नाही. पुलाजवळ जपान्यांनीच 1944 मध्ये उभारलेला एक स्तंभ आहे, त्यावर इतर भाषांबरोबर तमिळमध्येही मजकूर कोरलाय. गावातल्या एका बौद्ध मठात मजुरांच्या सामूहिक दफनाच्या जागी स्मारक आहे. नावं मात्र कुठेच नाहीत. सैनिकांची नावं त्यांच्या पलटणीच्या कागदात होती. मजुरांची कोणी लिहूनच घेतली नव्हती.

अण्णा बराच वेळ पुलाच्या कडेला उभे होते. मग म्हणाले, "आपल्या बोरघाटात तरी कुठे आहेत नावं?"

बरोबरच होतं त्यांचं. बोरघाटाची लाइन 1863 मध्ये सुरू झाली. ती बांधताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि सुरुंगात मेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार 1859 मध्ये वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुढे नेलं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. दगड फोडणाऱ्या आपल्या माणसांची नावं तिथेही नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे झालं ऐंशी वर्षांपूर्वीचं, नाहीतर दीडशे वर्षांपूर्वीचं. आज त्याचं काय?

आज त्याच सयाम-ब्रह्मदेश सीमेवर, कांचनाबुरीच्या उत्तरेला, माए सोत नावाचं गाव आहे. पुढे मोई नदी, आणि नदीपलीकडे म्यानमारचं म्यावड्डी. तिथे भिंती आणि तारा घातलेली आवारं उभी राहिलीत. आत हजारो तरुण कॉम्प्युटरसमोर बसवून ऑनलाइन फसवणूक करायला लावतात. शेअर मार्केटचे, प्रेमाचे, गुंतवणुकीचे जे मेसेज आपल्या मोबाइलवर येतात, त्यातले कित्येक अशाच आवारांतून येतात. ते पाठवणारं पोरगं आपल्यातलंच असू शकतं. कमी काम केलं की मार, शॉक, उपाशी ठेवणं, आणि सुटायचं तर खंडणी.

मार्च 2025 मध्ये आपल्या सरकारने हवाई दलाची दोन विमानं माए सोतला पाठवून 549 भारतीयांना परत आणलं. ऑक्टोबर 2025 मध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्क नावाच्या आवारावर छापा घातला, तेव्हा पळून आलेल्यांमधल्या आणखी शेकडो जणांना नोव्हेंबरमध्ये आणलं. महाराष्ट्रातलीही पोरं अशी अडकली होती. महाराष्ट्र सायबरने त्यात एजंटांना अटकही केली.

ही पोरं गेली कशी? जाहिरातीवरच. "बँकॉकला डेटा एंट्री, पगार डॉलरमध्ये, राहणं-खाणं-तिकीट फुकट." शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत बघा. 1943 मध्ये रबराचे मळे बंद पडले होते, आज पदवी घेऊनही नोकरी नाही. पोट रिकामं असलं की माणूस फार प्रश्न विचारत नाही, हे एजंटला तेव्हाही ठाऊक होतं, आजही आहे.

आणि व्हिसा लागत नाही, ही आपल्याला सोय वाटते, पण एजंटला ती त्याहून मोठी सोय आहे. पोराला सांगायचं, "विमानतळावर टुरिस्ट म्हण." झालं. मग त्या पोराचं तिकडे कामगार म्हणून कुठेच नाव नाही. ना परमिट, ना कंपनी, ना पत्ता. भाऊ निवांत का झोपतो, ते आता लक्षात आलं ना?

म्हणून घरातलं कोणी निघालं असेल तर एवढं बघा.

पर्यटक म्हणून आत जाऊन काम करता येत नाही. "तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. आधी नोकरीचा व्हिसा आणि कंपनीचं पत्र मागा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असा शेरा असतो. अशांना थायलंडला कामासाठी जायचं तर सरकारी मंजुरी घ्यावीच लागते.

परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असला पाहिजे. ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर यादी आहे. त्याला जास्तीत जास्त 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. दीड-दोन लाख मागणारा तर नकोच, आणि काहीच न मागणारा त्याहून नको.

मुलाखत फक्त टेलिग्रामवर झाली असेल, कंपनीचा पत्ता विचारल्यावर उडवाउडवी होत असेल, तर समजून घ्या. बँकॉकला उतरल्यावर गाडीत घालून पश्चिमेला नेऊ लागले, तर माए सोत जवळपास 500 किलोमीटर आहे. वाटेत पेट्रोल पंपावर उतरून आरडाओरडा करायला भरपूर वेळ असतो. बँकॉकच्या भारतीय दूतावासाचा नंबर जाण्याआधीच पाठ करा, कारण मोबाइल सगळ्यात आधी काढून घेतात.

आणि तुम्ही नुसतं फिरायला जात असाल, तर जरूर जा. बीच बघा, राजवाडा बघा, आंबा-भात खा. फक्त एक दिवस कांचनाबुरीसाठी ठेवा. पोरांना बरोबर न्या. त्यांना स्मशानभूमीतल्या नावाच्या पाट्या दाखवा, आणि त्यानंतर तो तमिळ अक्षरांचा स्तंभ दाखवा. दोन्हींत फरक काय, ते पोरांनाच विचारा.

ओळखीत कोणी "बँकॉकला जॉब लागलाय" म्हणून पेढे वाटत असेल, तर पेढा खा, पण व्हिसा बघायला मागा. राग आला तर येऊ द्या.