ऊर्जावापर आणि आर्थिक वाढ यांचा परस्परसंबंध

ऊर्जावापर आणि आर्थिक वाढ यांचा परस्परसंबंध हा ऊर्जा अर्थशास्त्राचा एक प्रमुख अभ्यासविषय आहे. अर्थव्यवस्था वाढते म्हणून ऊर्जेचा वापर वाढतो, की ऊर्जा उपलब्ध होते म्हणून अर्थव्यवस्था वाढते, हा या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न होय. वीजदर, भारनियमन, ग्रामीण विद्युतीकरण आणि प्रदूषण-नियंत्रण यांविषयीची धोरणे या प्रश्नाच्या उत्तराशी निगडित आहेत. महाराष्ट्रातील जळगाव आणि धुळे हे जिल्हे वीज निर्माण करणारे आणि शेतीसाठी विजेवर अवलंबून असणारे असल्यामुळे तेथे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात.

चार गृहीतके

संशोधनातील निष्कर्ष सामान्यतः चार गृहीतकांत विभागले जातात.

* वाढ गृहीतक : ऊर्जावापरामुळे आर्थिक वाढ होते. हे खरे असल्यास ऊर्जाकपातीने उत्पादन घटते.
* बचत गृहीतक : आर्थिक वाढीमुळे ऊर्जावापर वाढतो. हे खरे असल्यास उत्पादनाला फारशी झळ न लागता ऊर्जा वाचवता येते.
* परस्परपूरक गृहीतक : दोन्ही घटक एकमेकांना चालना देतात.
* तटस्थता गृहीतक : दोहोंमध्ये कार्यकारण संबंध आढळत नाही.

संशोधनाचे टप्पे

इंग्लंडमधील कोळशाच्या साठ्यांविषयी विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये लिहिलेला ग्रंथ हा या विचाराचा आरंभ मानला जातो. यंत्रे कमी कोळशात चालू लागली की कोळशाचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन यांनी १९७१ मध्ये अर्थव्यवहाराची सांगड उष्मागतिकीच्या नियमांशी घातली.

सांख्यिकीय संशोधनाचा पाया क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या कसोटीने घातला. एका घटकाच्या मागील आकडेवारीवरून दुसऱ्या घटकाचे भाकीत अधिक अचूक होते काय, हे ही कसोटी पाहते. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिचा ऊर्जाक्षेत्रात उपयोग होऊ लागला. क्राफ्ट आणि क्राफ्ट यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या १९४७ ते १९७४ या काळातील आकडेवारीवरून, राष्ट्रीय उत्पादनाकडून ऊर्जावापराकडे कार्यकारण संबंध असल्याचे दाखवले. अकार्का आणि लाँग यांनी १९८० मध्ये कालखंड बदलून पाहिला असता हा निष्कर्ष टिकला नाही.

पुढील टप्प्यात दीर्घकालीन समतोल तपासणाऱ्या पद्धती रूढ झाल्या. डेव्हिड स्टर्न यांनी १९९३ मध्ये भांडवल व श्रम यांचाही समावेश केला आणि इंधनांना त्यांच्या गुणवत्तेनुसार भार दिला; तेव्हा ऊर्जेकडून उत्पादनाकडे जाणारा संबंध आढळला. त्यानंतर अनेक देशांची आकडेवारी एकत्र अभ्यासण्याची पद्धत प्रचलित झाली. अलीकडे अक्षय ऊर्जा, कार्बन उत्सर्जन आणि ऊर्जावापर न वाढता आर्थिक वाढ साधण्याची शक्यता हे विषय पुढे आले आहेत.

भारतविषयक अभ्यास

भारताबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. मसीह आणि मसीह (१९९६) यांना ऊर्जेकडून उत्पन्नाकडे, तर सजल घोष (२००२) यांना आर्थिक वाढीकडून वीजवापराकडे जाणारा संबंध आढळला. पॉल आणि भट्टाचार्य (२००४) यांनी तो दुहेरी असल्याचे सांगितले. कालखंड, पद्धत आणि ऊर्जेचे मापन बदलले की उत्तर बदलते, हे यावरून स्पष्ट होते.

म्हणून पुढे राज्य, कारखाना आणि गाव या स्तरांवर अभ्यास होऊ लागले. हुआन पाब्लो रुद (२०१२) यांनी हरितक्रांतीच्या काळातील भूजल-उपलब्धतेचा आधार घेऊन १९६५ ते १९८४ मधील विद्युतीकरणाने कारखानदारीचे उत्पादन वाढल्याचे दाखवले. ऑलकॉट आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार वीजटंचाईमुळे सरासरी कारखान्याचे उत्पन्न ५ ते १० टक्क्यांनी घटते. उलट, राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेच्या अभ्यासात बर्लिग आणि प्रिओनास यांना लहान गावांत वीज पोहोचल्याचा आर्थिक परिणाम नगण्य आढळला.

खानदेशातील संदर्भ

जळगाव जिल्ह्यातील दीपनगर येथे भुसावळ औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्यात प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या असून शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. ही वीज राज्याच्या सामायिक जाळ्यात जाते. त्यामुळे निर्मिती जेथे होते तेथेच तिच्यामुळे वाढ होईल, असे गृहीत धरता येत नाही.

वापराच्या बाजूने रावेर व यावल तालुक्यांतील केळीची शेती हे ठळक उदाहरण आहे. विहिरी व कूपनलिकांवरील वीजपंप आणि ठिबक सिंचन यांवर हे पीक उभे आहे. जळगावातील डाळमिल, प्लॅस्टिक चटई आणि पाइप उद्योगही विजेवर चालतात. येथे रुद यांच्या निष्कर्षाशी साम्य दिसते. मात्र उपशामुळे याच पट्ट्यात भूजलपातळी खालावली आहे, आणि ही हानी उत्पादनाच्या आकड्यांत दिसत नाही. पंपांना वीज किती मिळते याइतकेच ती केव्हा मिळते हेही महत्त्वाचे ठरते. रात्रीच्या पाळीत पाणी भरावे लागणे ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार असून दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली.

निर्मितीची सामाजिक किंमतही या भागात प्रकर्षाने पुढे आली. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्याची जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली होती. मोबदल्याबाबत न्याय मागणाऱ्या या शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर भूसंपादनाच्या मोबदल्यातील तफावतीचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला.

मर्यादा आणि टीका

ग्रेंजर कसोटी भाकीतक्षमता दाखवते, प्रत्यक्ष कारण सिद्ध करत नाही, हा मुख्य आक्षेप आहे. ब्रन्स, ग्रॉस आणि स्टर्न यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले. ऊर्जेच्या किमती विचारात घेतल्यास उत्पादनाकडून ऊर्जेकडे जाणारा संबंधच भक्कम ठरतो, असे त्यांना आढळले. आकडेवारीची विश्वसनीयता हा दुसरा प्रश्न आहे. महाराष्ट्रात अनेक कृषिपंपांना मीटर नसल्यामुळे शेतीच्या वीजवापराचा मोठा भाग अंदाजाने ठरवला जातो. शिवाय राष्ट्रीय सरासरीत पुरवठ्याची वेळ, जमिनीची किंमत आणि पाण्याचा ऱ्हास हे घटक झाकले जातात. त्यामुळे स्थानिक स्तरावरील अभ्यासांचे महत्त्व वाढले आहे.