जुन्या वाड्याचा गिलावा: कधी काढावा, कशाने भरावा?

पुणे, सातारा, वाई किंवा नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर बहुतेक ठिकाणी चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असतो. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले, पण आपल्याकडच्या घरांत सिमेंट सर्रास वापरले जाऊ लागले ते विसाव्या शतकात.

आज दुरुस्तीच्या वेळी हा गिलावा सरसकट पाडून सिमेंटचा थर दिला जातो. काम लवकर उरकते, भिंत सपाट दिसते. पण खरी अडचण भिंतीच्या आत सुरू होते. माती, वीट आणि चुन्याची भिंत ओल शोषते आणि पृष्ठभागावरून ती बाहेर सोडते. सिमेंटचा थर ही वाट बरीचशी अडवतो. मग ओल आतच साठते किंवा भिंतीत वर चढते, क्षार साचून पोपडे सुटतात, कच्च्या विटा मऊ पडतात. वाड्याचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असतो. भिंतीत दडलेली त्यांची टोके सतत ओली राहिली तर कुजतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सिमेंट कडकही असते; जुनी भिंत किंचित हलली की ते तडकते आणि त्या फटीतून पावसाचे पाणी आत शिरते.

म्हणून आधी भिंत बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावी. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे, तो राहू द्यावा. पोकळ आवाज येतो तेवढाच भाग काढावा. त्याहीआधी ओलीचे मूळ शोधावे: फुटलेली कौले, गळका पन्हळ, किंवा भर पडून जोत्यापर्यंत उंचावलेला रस्ता. ते न करता केलेला कोणताही गिलावा वाया जातो.

नव्या गिलाव्यासाठी चुनकळी पाण्यात विरवून, मुरवून तिचा लगदा वापरतात. साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओलसर जागी विटांची भुकटी म्हणजे सुर्खी घातली की मिश्रण चांगले धरते. जुने गवंडी त्यात गुळाचे पाणी, हिरडा, तागाचे तुकडे घालत. विरवताना चुना उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा होते. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

भिंत आधी भिजवून पातळ थर द्यावेत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे थर काही दिवस ओलसर आणि उन्हापासून झाकलेला ठेवावा लागतो. मातीच्या भिंतीला मात्र मातीचाच गिलावा बरा.

पूर्वीचे सिमेंट घट्ट चिकटलेले असेल, तर छिन्नीने उखडताना विटाही निघतात. तिथे घाई करू नये, जाणत्या गवंड्याला दाखवावे. वर चुनकाम द्यावे. प्लास्टिक पेंटने ओलीची वाट पुन्हा बंद होते.