लाकडाचे वैरी आणि दिवाळ्याची खाडी



दिवाळे हा शब्द ऐकला की व्यापारी माणसाच्या काळजात चर्र होते. आजचे दिवाळे मात्र निघणारे नव्हे, नांदणारे आहे. बेलापूरच्या किल्ल्याजवळ, पनवेलच्या खाडीच्या मुखाशी वसलेला हा कोळीवाडा आपल्यापैकी बहुतेकांनी मासळी घेण्यापुरता पाहिला असेल. सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि भोवती नवे शहर उभे राहिले, त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर माणूस लाकडावर पोट भरीत आला आहे. लाकडावर म्हणजे होडीवर. होडीचे लाकूड नासले तर घराची चूल विझते. तेव्हा लाकूड का नासते आणि ते नासू नये म्हणून आपल्या किनाऱ्याने काय काय केले, याचा इतिहास आज सांगावा म्हणतो. राजांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. किड्यांचा कोणी सांगत नाही.

खाऱ्या पाण्यात लाकडाचा मोठा शत्रू आहे टेरेडो. त्याला किडा म्हणण्याची रूढी आहे, पण तो किडा नव्हे. तो तिसऱ्या-कालवांच्या गोत्रातला, दोन शिंपल्यांचा प्राणी आहे. फरक इतकाच की कालवे शिंपल्यांच्या आड राहतात, आणि हा त्या शिंपल्यांची कानस करून लाकूड किसतो. लहानपणी तो लाकडात शिरतो तेव्हा छिद्र टाचणीच्या अग्राएवढे असते. मग आतच वाढतो, बीळ लांबवतो आणि त्याला आतून चुन्याचे अस्तर लावतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. हाताच्या मुठीने ठोकली की पोकळ आवाज येतो आणि एके दिवशी भर समुद्रात ती बिस्किटासारखी मोडते. कोलंबसाची चौथ्या सफरीतली जहाजे याच प्राण्याने चाळणीसारखी केली आणि 1503 साली त्याला जमेकाच्या किनाऱ्यावर अडकून पडावे लागले. हॉलंडात 1731 च्या सुमारास समुद्राला थोपवणाऱ्या बंधाऱ्यांचे लाकूड याने खाल्ले, तेव्हा त्या देशाला लाकूड सोडून दगड आणावा लागला. टेम्स नदीखालचा बोगदा खणताना ब्रुनेलने जी संरक्षक चौकट वापरली, तिची कल्पना याच प्राण्याकडे पाहून सुचली असे सांगतात. शत्रूकडूनही विद्या घ्यावी ती अशी!

या प्राण्याचे एक मर्म आहे. त्याला खारट पाणी लागते. गोड्या पाण्यात तो टिकत नाही आणि कोरड्या लाकडात तर मरतोच. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून वर घ्यायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही चाल वादळाच्या भीतीने पडली हे खरे. पण दर वर्षी काही आठवडे तळ पाण्याबाहेर राहिला की आतल्या शत्रूचाही बंदोबस्त होतो. त्याच मुक्कामात तळ खरवडायचा, सांध्यांत कापूस ठासायचा आणि वर तेलाचा हात द्यायचा. मुशीच्या यकृताचे तेल, त्यात कालवलेला चुना, राळ, पुढे डांबर आणि काजूच्या टरफलाचे काळे तेल, अशी ही लेपांची परंपरा आहे. माशाच्या तेलाचा लेप फार जुना; तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मूजच्या जहाजांना तो लावलेला पाहिला होता. त्या तेलाचा वास ज्याने घेतला आहे त्याला तो जन्मभर आठवतो. किडीलाही तो आवडत नसावा!

लेप हा एक उपाय झाला. दुसरा म्हणजे लाकडाचीच निवड. वाकणांना बाभूळ, हलक्या होडीला आंबा, आणि जिथे पैसा असेल तिथे साग. सागाच्या गाभ्यात असे तेलकट द्रव्य असते की वाळवी त्याला सहसा तोंड लावीत नाही. बाहेरच्या पांढऱ्या भागात हा गुण नसतो, हे घर बांधताना पुष्कळ लोक विसरतात आणि मग सागालाही कीड लागली म्हणून कपाळाला हात लावतात. सागाचा आणखी एक गुण असा की त्यात ठोकलेला लोखंडी खिळा टिकतो. विलायती ओकमधले आम्ल खिळा खाते, आणि गंजलेला खिळा उलट लाकूड खातो.

हा गुण ओळखूनच मुंबईची गोदी मोठी झाली. 1736 साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या जहाजे बांधली. फळ्यांच्या कडा खाचून एकमेकींत बसवायच्या आणि मध्ये कापूस व राळ घालायची, ही त्यांची पद्धत पाहून इंग्रज आरमाराचे अधिकारीही थक्क होत. जमशेटजी बोमनजींनी बांधलेले त्रिंकोमाली हे जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरले. खडकीच्या लढाईला तेव्हा महिनासुद्धा उरला नव्हता! पेशवाई गेली, ती घेणारे साम्राज्यही गेले, आणि ते सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. तळाला तांब्याचा पत्रा मारण्याची युक्ती इंग्रजांनी 1761 मध्ये अलार्म या जहाजावर प्रथम करून पाहिली. पण पत्र्याशेजारचे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात झपाट्याने झिजू लागले, आणि खिळेही तांब्याच्या मिश्र धातूचे करीपर्यंत तो उपाय रोगाहून भयंकर ठरला.

आता इथे थोडे थांबले पाहिजे. जहाज न कुजणारे झाले, पण त्याची किंमत कोणी दिली? गोदीला साग हवा म्हणून 1806 साली मलबारात वॉटसन नावाचा कप्तान जंगलांचा अधिकारी नेमला गेला. त्याने जंगलावर एवढा कडक मक्ता बसवला की रयत आणि व्यापारी दोघेही ओरडू लागले आणि 1823 मध्ये ते पद मोडावे लागले. मुंबई इलाख्यात 1847 साली दापोडीच्या बागेचे डॉक्टर गिब्सन यांना वनरक्षक नेमले. हा मनुष्य झाडांचा खरा जाणकार होता. त्याला दोष देण्याचे माझ्या मनात नाही. पण 1878 चा जंगल कायदा झाल्यावर गावकऱ्याच्या कुऱ्हाडीला, राबासाठी लागणाऱ्या फांद्यांना, नांगराच्या लाकडालाही परवाना आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला चौकशीसाठी कमिशन बसवावे लागले. त्याचा अहवाल 1887 चा आहे. रोग तिथे बरा झाला नाही. दिवाळ्याहून फार लांब नसलेल्या उरण तालुक्यातल्या चिरनेर येथे 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या माळावर लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले आणि गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी यांच्यासह आठ गावकरी हुतात्मे झाले. सरकारी बाजूचीही माणसे पडली.

याच्या तुलनेने रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रातली दृष्टी आठवावी. आरमाराला साग हवाच, पण रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत. जीर्ण झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा भावार्थ आहे. आज्ञा आणि अंमल यांत अंतर असते हे मी जाणतो. तरीही अशी आज्ञा लिहिणाऱ्याला लाकडाच्या मागे माणूस दिसत होता.

आता किनाऱ्यावरून घरात येऊ. घरातला शत्रू वाळवी. तिला ओल लागते आणि उजेड सोसत नाही, म्हणून ती मातीची नळी बांधून भिंतीवर चढते. आपल्या वाड्यांच्या खांबाखाली दगडी तळखडा असतो, तो केवळ शोभेचा नव्हे. लाकडाचा आणि जमिनीचा संबंध तोडायचा, आणि वाळवीला वर यायचेच असेल तर तिने दगडावरून, आपल्या डोळ्यांदेखत यावे, अशी ती योजना आहे. नव्या घरात आपण चौकट थेट फरशीत पुरतो, तिच्यावर रोज पाण्याचा पोछा फिरवतो आणि मग औषधवाल्याला बोलावतो. आमच्या स्वतःच्या न्हाणीघराची चौकट तीन वर्षांत गेली. मी हे शास्त्र तेव्हा शिकलो. वाळवीची दुसरी एक जात कोरड्या फर्निचरातच राहते. कपाटाखाली खसखशीसारखे दाणे पडलेले दिसले तर ती समजावी. पिठासारखी बारीक भुकटी पडली तर तो भुंगेरा. तो बांबूतल्या पिष्टावर जगतो, म्हणून बांबू तोडून काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत बरोबर आहे. पिष्ट पाण्यात निघून जाते.

पावसाळ्यात दार फुगले की सुताराला बोलावून रंधा मारून घेण्याची घाई करू नये. लाकूड दमट हवेत रुंदीला वाढते, लांबीला जवळजवळ नाही. आषाढात तासलेले दार वैशाखात फट दाखवते. परसातल्या आंब्याच्या खोडातून भुसा गळत असेल तर आत अळी आहे. तार घालून ती काढावी, घासलेटात भिजवलेला कापूस भोकात कोंबावा आणि मातीने लिंपावे. तोडलेल्या झाडाचा बुंधा मात्र घराशेजारी कुजत ठेवू नये. वाळवीला त्यासारखे माहेर नाही.

रसायनांचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1838 मध्ये बेथेल याने डांबरी तेल दाबाने लाकडात भरण्याचा हक्क नोंदवला आणि जगभरच्या रेल्वेंना त्याचा उपयोग झाला. त्याच्या तोडीचा शोध आपल्या देशात लागला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1933 साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण सिद्ध केले. पाण्यात विरघळणारी ही द्रव्ये लाकडात गेल्यावर घट्ट बसतात आणि धुऊन जात नाहीत. विजेचे खांब, कुंपणे, बंदरांचे धक्के यांसाठी ते जगभर गेले. पुढे त्यातल्या सोमलाबद्दल शंका वाढल्या आणि 2003 च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरासाठी असे लाकूड तयार करणे थांबले.

होड्यांचे म्हणाल तर आता फायबरचे तळ पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्यांना टेरेडो लागत नाही आणि मुशीचे तेलही लागत नाही. कोळी बांधवांनी ते पत्करले यात नवल नाही. साग परवडण्याचे दिवस राहिले नाहीत. जुन्या होड्यांच्या आणि पाडलेल्या घरांच्या फळ्या बाजारात मिळतात आणि शहरातले लोक त्यांची टेबले करून घेतात. घ्यावीत, जुना साग नव्यापेक्षा चांगला निघण्याचा पुष्कळ संभव असतो. फक्त घेताना खिळ्यांभोवती काळे पडले आहे का ते पाहावे, टोचणीने दाबून फळी पोकळ लागते का ते तपासावे. आणि हिरवट झाक असलेले, औषध भरलेले लाकूड हाती आले तर ते चुलीत किंवा बंबात कधीही घालू नये. त्यातला सोमल काही धुरात जातो आणि उरलेला राखेत राहतो, आणि तीच राख आपल्याकडे भांडी घासायला निघते.